अंबाळ्याच्या पाण्यावरून रामटेक

एकोडी हे भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्याचं गाव. कार्तिकात इथे धानाची कापणी चालू असते. कापलेल्या धानाचे कडपे बांधीत वाळत पडलेले, धुऱ्यावरून बायका विळे घेऊन चाललेल्या, आणि उभ्या धानातच आधी फेकलेली लाखोरी आता ओल धरून वर येऊ लागलेली. कापणी झाली की त्याच ओलीवर लाखोरीचं पीक निघतं, वेगळी नांगरट लागत नाही. कोकणातला भातशेतकरी हे पाहून चकित होईल. पण याहून मोठी नवलाई म्हणजे या धानामागचं पाणी. गावोगाव तलाव, तलावांच्या मधे छोट्या बोड्या, आणि प्रत्येकाला मातीची जुनी, रुंद पाळ. पाळीवर मोहाची आणि आंब्याची झाडं.

हे पाणी निसर्गाने आयतं दिलेलं नाही. पावसाचं पाणी उतारावर अडवून साठवायचं ही या मुलखातली कित्येक पिढ्यांची विद्या आहे आणि ती मुख्यतः कोहळी समाजाची. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला जमीन द्यायची पद्धत ठेवली होती, तिला तुकूम म्हणत. जो तलाव बांधेल, त्याच्या पाण्याखाली भिजेल ती जमीन त्याची, असा रोखठोक व्यवहार. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं या भागात सगळे सांगतात. पाणी कोणाच्या बांधीत किती वेळ जायचं हे पाणकर ठरवी, आणि जादा पाणी सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, पुढच्या तलावात उतरे. 1950च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावांवरची जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडे आले आणि ‘माजी मालगुजारी तलाव’ असं लांबलचक नाव त्यांना चिकटलं. लोक त्याचं ‘मामा तलाव’ करून मोकळे झाले. मालक बदलला तशी गाळ काढण्याची, पाळ दुरुस्त करण्याची जबाबदारीही विरत गेली. आज अनेक तलावांत पाण्याऐवजी बेशरमाची झुडपं माजलेली दिसतात, आणि ज्या ढिवर कुटुंबांचं पोट मासळी-शिंगाड्यावर चालायचं त्यांची त्यात सर्वांत जास्त ओढाताण झाली आहे.

या तलावांच्या मुलखातून मी निघालो होतो रामटेकला, अंबाळा तलाव पाहायला. ज्यांच्या घरी उतरलो होतो ते मामा बरोबर आले. त्यांनी आपल्या आईच्या अस्थी अंबाळ्यातच सोडल्या होत्या. “आपल्याकडे माणूस गेला का अंबाळ्यालाच जा लागते,” एवढंच ते म्हणाले. गंगेला जाणं सगळ्यांना जमत नाही. पूर्व विदर्भातल्या हजारो घरांची गंगा रामटेकच्या डोंगराच्या कुशीत आहे. रामटेक म्हटलं की आपल्याला डोंगर आठवतो, राम आठवतो, कालिदास आठवतो. मला मात्र आता ठामपणे वाटतं की या क्षेत्राची गोष्ट पाण्यापासून सांगायला घ्यावी.

साकोलीकडून तुमसरकडे जाताना वैनगंगा ओलांडावी लागते. माडगीला नदीच्या पात्रात खडकावर नृसिंहाचं मंदिर आहे. कार्तिक पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते आणि आजूबाजूच्या गावांतले लोक बैलबंडीने, आता ट्रॅक्टरने, येऊन पात्राच्या वाळूत मुक्काम ठोकतात. आम्ही गेलो तेव्हा यात्रेची तयारी सुरू होत होती. मंदिरात खडकाच्या अंगानेच देव उभा असल्यासारखं वाटतं आणि चारी बाजूंनी नदीचा आवाज येत राहतो. नृसिंह हा विदर्भाच्या या टोकाला इतका जवळचा देव का असावा, असा प्रश्न मला तिथे पडला. त्याचं उत्तर रामटेकच्या डोंगरावर मिळणार होतं, हे त्या वेळी ठाऊक नव्हतं.

तुमसर हे धानाचं आणि मँगनीजचं गाव. एका बाजूला राईस मिलच्या कोंड्याचे ढीग, दुसरीकडे काळ्या खनिजाने लादलेले ट्रक. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या खाणी याच तालुक्यात आहेत. डोंगरीचं मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटऱ्यांसाठी वापरतात. मँगनीजचा हा पट्टा बालाघाटपासून तुमसर, रामटेक, मनसरपर्यंत सलग जातो आणि गेली सव्वाशे वर्षं तो खणला जातो आहे. यात्रेकरू ज्या वाटेने तीर्थाला जातो त्याच वाटेने खनिज बाहेर जातं. या भागातल्या पोरांना शेतीखेरीज दुसरा रोजगार विचारला तर पहिलं नाव खाणीचं येतं, तीर्थाचं येत नाही.

तुमसरच्या पुढे उत्तरेला सातपुड्याचे फाटे दिसू लागतात. त्यातच कुठेतरी अंबागडचा किल्ला. देवगडच्या बख्त बुलंद शाहाच्या काळात, सतराव्या शतकाच्या अखेरीला, तो उभा राहिला. मोहाडी-आंधळगावकडे कोसा विणणारी कोष्टी घरं आहेत. जंगलातल्या ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोश वाढवायचे, त्याचा धागा काढायचा आणि हातमागावर लुगडी-उपरणी विणायची, ही साखळी ढिवर आणि कोष्टी अशा दोन समाजांच्या हातांनी चालत आली. रामटेकच्या पूजेला नेसायचं सोवळं पुष्कळदा इथल्या कोशाचं असे.

रामटेकच्या अलीकडे आम्ही वाट वाकडी करून नगरधनला गेलो. आज ते साधं गाव आहे. भोसल्यांच्या काळातला भुईकोट किल्ला तेवढा उठून दिसतो. पण पंधराशे-सोळाशे वर्षांपूर्वी हे नंदिवर्धन होतं, वाकाटकांच्या मुख्य शाखेची राजधानी. अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी ज्या वाकाटकांच्या काळात कोरली गेली, त्यांचंच हे थोरलं घर. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता इथे सून म्हणून आली. नवरा, दुसरा रुद्रसेन, लवकर वारला आणि मुलं लहान असल्यामुळे राज्याचा कारभार तिने हाती घेतला. तिने स्वतःच्या नावाने दानपत्रं दिली, आणि त्यांत आपलं माहेरचं गुप्त कुळ अभिमानाने आधी सांगितलं. 2015 ते 2018 या काळात डेक्कन कॉलेज आणि राज्य पुरातत्त्व विभागाने इथे उत्खनन केलं, तेव्हा तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. मातीच्या लहानशा तुकड्यावर ब्राह्मीत तिचं नाव आणि शंख. महाराष्ट्राच्या भूमीवर स्वतःच्या नावाने राज्य चालवणाऱ्या स्त्रियांची यादी करायची तर ती हिच्याशिवाय पुरी होणार नाही, आणि शाळेतल्या किती मुलांना तिचं नाव माहीत असतं हा प्रश्न मनाला लागून राहतो.

नगरधनहून रामटेकचा डोंगर स्पष्ट दिसतो. सपाट धानशेतीतून एकदम उठलेला, घोड्याच्या नालासारखा वळलेला, आणि माथ्यावर पांढरी शिखरं. राणीलाही तो राजवाड्यातून असाच दिसत असणार. तिच्या ऋद्धपूरच्या ताम्रपटात दान दिल्याचं ठिकाण म्हणून रामगिरिस्वामीच्या पायांचा उल्लेख आहे. म्हणजे पाचव्या शतकात हा डोंगर रामगिरी म्हणून ओळखला जात होता आणि इथल्या देवाच्या पायांशी उभं राहून राजघराणं दान करत होतं.

डोंगर जिथे वळतो त्या खोलगट जागेत अंबाळा आहे. गावातून तिथे उतरताना आधी तलाव दिसतच नाही. देवळांची शिखरं दिसतात, मग पायऱ्या, आणि मग एकदम पाणी. तिन्ही अंगांना डोंगराची उतरण, काठाने दगडी घाट, घाटावर ओळीने लहान-मोठी देवळं. बरीचशी भोसल्यांच्या सरदारांनी आणि नागपूरच्या धनिकांनी बांधलेली. काही नीट ठेवलेली, काहींच्या शिखरातून पिंपळ फुटलेला. मी तलावांच्या जिल्ह्यातून आलो होतो, तरी असं पाणी पाहिलं नव्हतं. तिकडे तलावाचं तोंड शेताकडे असतं, पाणी बाहेर जाण्यासाठी साठवलेलं असतं. इथे सगळी रचना आत वळलेली. घाट, पायऱ्या, देवळांची दारं, सगळ्यांची तोंडं पाण्याकडे.

कथा अशी सांगतात की अंब नावाचा सूर्यवंशी राजा कुष्ठाने गांजलेला होता. शिकारीला आला असता त्याने इथल्या पाण्याने हातपाय धुतले आणि रोग गेला. त्याने मग त्या जागी तलाव खोदवला. तळाशी पाताळातल्या भोगावतीचं पाणी येतं अशीही श्रद्धा आहे. म्हणून इथे मृतांचे विधी. गंगा स्वर्गातली तशी भोगावती पाताळातली, आणि गेलेल्या माणसाला दोन्हीकडे वाट हवी असते.

सकाळची वेळ होती. एका घाटावर तीन-चार कुटुंबं आपापल्या गुरुजींसमोर बसली होती. न्हावी मुलांच्या डोक्यावरून वस्तरा फिरवत होता. पत्रावळीवर भाताचे पिंड, काळे तीळ, दर्भ. एक तरुण मुलगा मंत्र नीट म्हणता येत नाहीत म्हणून पुन्हा पुन्हा अडखळत होता आणि गुरुजी न चिडता तोच शब्द परत सांगत होते. बोलता बोलता कळलं की ही कुटुंबं गोंदिया, बालाघाट, शिवनी अशा लांब लांबच्या ठिकाणांहून आली होती. राज्याची सीमा या घाटाला माहीत नाही. 1956पर्यंत हा सगळा भाग आधी मध्य प्रांताचा आणि मग जुन्या मध्य प्रदेशाचा, नागपूर राजधानीचा, एकच मुलूख होता, आणि मृत्यूच्या विधींनी तो अजून एकच ठेवला आहे. हिंदी, मराठी, पोवारी, झाडीबोली, सगळं एकाच घाटावर ऐकू येतं.

मामा ज्या पायरीवर आईसाठी बसले होते ती त्यांनी लगेच दाखवली. ते पाण्यात उतरले, ओंजळ भरून तीन वेळा पाणी सोडलं आणि वर आले. पायरीवरच प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारलेलं निर्माल्य पडलं होतं, ते त्यांनी उचलून बाजूला ठेवलं. अशा पिशव्या पुष्कळ होत्या. अस्थी, पिंड, फुलं हे सगळं पाणी पोटात घेतं, तेवढी ताकद त्याच्यात असते. प्लास्टिक, रंगीत कपडे, थर्माकोलच्या वाट्या ते घेऊ शकत नाही. अंबाळा हा वाहता प्रवाह नाही. त्याच्यात जे पडतं ते तिथेच राहतं, आणि गेलेल्यांसाठी जे करायचं ते पिशवीत बांधून टाकण्याची गरज कुठल्याच शास्त्राने सांगितलेली नाही. हे कोणी तरी घाटावर उभं राहून रोज सांगायला हवं. गुरुजींनी सांगितलं तर लोक सर्वांत आधी ऐकतील.

तलावाच्या काठावरून डोंगरावर जाणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत. बहुतेक लोक आता दुसऱ्या बाजूने गाडीने वर जातात, पण यात्रेची खरी वाट हीच: पाण्यात स्नान करायचं आणि ओल्या अंगाने चढायचं. वाटेत सीताफळाची झुडपं, पळस, आणि खाली वळून पाहिलं की दर वळणावर अंबाळा थोडा थोडा लहान होत जातो. माकडं पूजेच्या पिशव्यांवर डोळा ठेवून बसलेली असतात, एवढी एक सावधगिरी.

वर गेल्यावर लोक लगबगीने गडाच्या दरवाजाकडे निघतात. मला मात्र ज्यांनी सर्वांत जास्त थांबवलं ती देवळं वाटेच्या थोडी बाजूला आहेत: केवल नृसिंह आणि रुद्र नृसिंह. बाहेरून साधी, बसकी, दगडी खोल्यांसारखी. आत पाऊल टाकलं की समोर लाल वालुकाश्माचा प्रचंड नृसिंह, गाभारा भरून बसलेला. मांडीवर हिरण्यकशिपू नाही, नखं नाहीत, आतडी नाहीत. एक पाय दुमडलेला, एक गुडघा उंच, हातात चक्र, आयाळ खांद्यांवर, आणि चेहऱ्यावर राजाची स्वस्थता. काम संपवून बसलेला देव. वाकाटकांचं शिल्प आपण अजिंठ्यात पाहतो, तिथे चित्रांच्या झगमगाटात दगडाकडे लक्ष कमी जातं. इथे फक्त दगड आहे आणि तो पुरेसा आहे. माडगीच्या नृसिंहापाशी पडलेल्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं असं वाटतं. पाचव्या शतकात ज्या डोंगरावर राजघराण्याने नृसिंह, वराह, त्रिविक्रम असे विष्णूचे अवतार बसवले, त्या डोंगराच्या सावलीतल्या मुलखात नृसिंहाची भक्ती मुरत गेली असेल तर नवल नाही. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे.

केवल नृसिंहाच्या भिंतीवर एक शिलालेख आहे. शतकानुशतकांच्या चुन्याखाली तो दडलेला होता आणि 1980च्या दशकात उजेडात आला. पुष्कळ ओळी झिजलेल्या. अभ्यासक हान्स बक्कर आणि हारुनागा आयझॅकसन यांनी तो वाचून 1993मध्ये प्रसिद्ध केला. प्रभावतीगुप्तेच्या पुण्यासाठी तिच्या अपत्याने हे काम केलं, प्रभावतीस्वामी या नावाने देव स्थापला, असं त्यातून दिसतं. आणि त्याच लेखात सुदर्शन नावाचा जलाशय बांधल्याचा उल्लेख आहे. हे कळलं तेव्हा मी त्या अंधाऱ्या खोलीत बराच वेळ उभा राहिलो. आईच्या नावाने देऊळ आणि त्याच श्वासात तलाव! सुदर्शन हे नावही साधं नाही. गिरनारच्या पायथ्याचा सुदर्शन तलाव मौर्य चंद्रगुप्ताच्या काळी बांधला गेला, क्षत्रप रुद्रदामनाने दुसऱ्या शतकात त्याचा फुटलेला बांध सावरला आणि पुढे पाचव्या शतकात गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या काळी तो पुन्हा दुरुस्त झाला. पाणी अडवणं हे राजाचं पुण्यकर्म आहे, ही समज तेव्हा काठेवाडापासून विदर्भापर्यंत सारखी होती. कोहळ्यांना तुकूम देणारे गोंड राजे तीच परंपरा वेगळ्या शब्दांत चालवत होते.

या दोन्ही देवळांत आम्ही असेपर्यंत मोजकीच माणसं आली. शंभर पावलांवरून गर्दी वाहत होती. शिलालेखात काय लिहिलंय हे सोप्या मराठीत सांगणारा एक मोठा फलक तिथे उभा केला तर या डोंगराचं वय लोकांना कळेल, आणि आपल्या घराण्यातल्या स्त्रीच्या स्मरणार्थ तलाव बांधता येतो हेही कळेल.

गडाच्या पहिल्या दारापाशी वराहाची मोठी मूर्ती आहे. तिच्या पोटाखालून सरपटत पलीकडे जाण्याची प्रथा आहे, पापी माणूस अडकतो म्हणतात. पोरं हसत हसत चार वेळा जातात आणि धट्टेकट्टे गृहस्थ आधी अंदाज घेतात. मग सिंगपूर, भैरव, गोकुळ असे दरवाजे एकामागून एक. ही तटबंदी आणि देवळांचा आजचा साज अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांनी उभा केला. मधल्या चौकात त्यांचं शस्त्रागार होतं. सर्वांत आत आधी लक्ष्मणाचं देऊळ लागतं आणि त्याच्या मागे राम-सीता. पहारेकऱ्याला भेटल्याशिवाय धन्याकडे जाता येत नाही, असा हा मान आहे.

लक्ष्मणाच्या देवळात यादवकालीन शिलालेख आहे, रामचंद्रदेवाच्या वेळचा, तेराव्या शतकाच्या अखेरचा. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो प्रसिद्धीला आणला. त्यात डोंगराच्या देवांबरोबर भोवतालच्या तीर्थांचं माहात्म्य सांगितलं आहे. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीच्या लेखकालाही हे क्षेत्र म्हणजे डोंगर आणि त्याच्या भोवतीचं पाणी असंच दिसत होतं. त्याच लेखात शंबूकाचा संदर्भ येतो. शूद्र असून तप केलं म्हणून रामाने ज्याचा शिरच्छेद केला तो शंबूक, आणि ती जागा हीच, असं इथली परंपरा मानते. डोंगरावर धूम्रेश्वराचं लिंग आहे, ते त्याचं स्थान. मरताना त्याने वर मागितला की माझी पूजा आधी व्हावी, म्हणून रामाआधी धूम्रेश्वराला जावं, असं जुने लोक सांगतात. उत्तरकांडातली ही गोष्ट ज्यांना ज्यांना टोचली, त्यांत फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रातली असंख्य माणसं आहेत आणि ती टोचायलाच हवी. रामटेकने मला चकित केलं ते यासाठी की इथल्या लोकस्मृतीने शंबूकाला विसरू दिलं नाही, त्याला रामाच्या आधीचा मान दिला. हा न्याय झाला असं मी म्हणणार नाही. पण पूजेचा क्रम ठरवणाऱ्या कुणाच्या तरी मनात अपराधाची जाणीव होती, एवढं त्यावरून नक्की दिसतं.

आणखी एक धागा मराठीच्या अगदी मुळाशी जातो. भडोचचा राजपुत्र हरिपाळदेव रामटेकच्या यात्रेला म्हणून घरून निघाला, वाटेत ऋद्धपूरला त्याला गोविंदप्रभू भेटले आणि तो चक्रधर झाला, असं महानुभाव परंपरा सांगते. चक्रधरांच्या लीळा सांगणारा मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ या यात्रेच्या बहाण्यातून पुढे जन्मला. रामटेकजवळचं भोगराम हे महानुभावांचं पवित्र स्थान आजही आहे. डोंगराच्या पायथ्याशी शांतिनाथाचं दिगंबर जैन क्षेत्र आहे, तिथेही वर्षभर यात्रेकरू असतात.

माथ्यावर कालिदास स्मारक आहे, पायथ्याच्या गावात 1997मध्ये स्थापन झालेलं कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला शापित यक्ष वर्षभर ज्या रामगिरीवर राहिला तो हाच, हे मिराशींनी आग्रहाने मांडलं. छत्तीसगडमधल्या रामगढचाही या मानावर दावा आहे. मला त्या वादापेक्षा कवीची नजर महत्त्वाची वाटते. ‘मेघदूता’च्या पहिल्याच श्लोकात या डोंगराची ओळख करून देताना त्याने आधी सांगितलं ते सीतेच्या स्नानाने पावन झालेलं पाणी, मग झाडांची दाट सावली. रामाच्या पावलांचा उल्लेख नंतर येतो. प्रभावतीच्या मुलाच्या, दुसऱ्या प्रवरसेनाच्या नावावर ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातलं काव्य परंपरेने चढवलं आहे, त्याचा विषयही राम आणि पाण्यावर बांधलेला बांध!

रामझरोक्यातून खाली पाहिलं की सगळं एका नजरेत येतं. एका अंगाला अंबाळ्याचा हिरवा चौकोन, दुसरीकडे खिंडसीचा अफाट तलाव, मधे गाव, आणि पुढे क्षितिजापर्यंत कापलेल्या धानाची पिवळी पाटी. खिंडसी इंग्रजांच्या काळात सूर नदीवर बांध घालून झाला. त्याला रामसागरही म्हणतात. अंबाळ्याचं पाणी मृतांचं, खिंडसीचं शेताचं, आणि दोन्हींना नाव देताना लोकांनी पुराणाचाच आधार घेतला.

उतरून गावात आलो तेव्हा पानाच्या दुकानांनी लक्ष वेधलं. रामटेकची पानं पूर्वी दूरदूरच्या बाजारात जात. इथल्या बरई समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पानमळे सांभाळले. नागवेलीला ऊन सोसत नाही, वारा सोसत नाही, पण मुळाशी पाणी साचलेलंही सोसत नाही. सतत ओल, सतत सावली, आणि माणसाचा रोजचा हात. शेवरी-हेटीच्या आधाराने वेल चढवतात, वर गेला की खाली उतरवून पुन्हा मातीत पुरतात. एका म्हाताऱ्या बरई बाबांनी सांगितलं की मळे आता फार थोडे उरले, मुलं नागपूरला कामाला गेली आणि पानात पूर्वीसारखा पैसा नाही. देवाच्या विड्याला मात्र ते अजून आपल्याच मळ्यातलं पान देतात. क्षेत्राचं अर्थकारण म्हणजे प्रसादाची आणि खेळण्यांची दुकानं असं आपण धरतो. इथे ते वेलीच्या मुळाशी, तलावाच्या ओलीत होतं, आणि ते सुकत चाललं आहे याची हळहळ यात्रेकरूंपर्यंत पोचत नाही.

कार्तिक पौर्णिमेच्या रात्री गडावर त्रिपूर पेटवतात. मध्यरात्री शिखरावर ज्योत उठली की खाली गावात, अंबाळ्याच्या घाटांवर आणि कोसभर लांबच्या शेतांतही लोक हात जोडतात. दुकानदार त्यासाठी बत्तासे, चिवडा, ऊस भरून ठेवत होते. रस्त्याच्या कडेला ढिवर बायका उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग मांडून बसल्या होत्या. यात्रेचे हे चार दिवस त्यांच्या वर्षाच्या कमाईतले मोलाचे दिवस असतात.

परतीच्या आधी मनसरला गेलो. रामटेकपासून ते अगदी जवळ आहे. रस्त्याला लागून मँगनीजच्या खाणीचे काळे ढिगारे, आणि त्यांच्या शेजारी तलावाच्या काठी हिडिंबा टेकडी. 1990च्या दशकाच्या अखेरीपासून जगत्पती जोशी आणि ए. के. शर्मा यांनी इथे खणलं तेव्हा टेकडीच्या पोटातून विटांचं अवाढव्य देवालय निघालं. तारकाकृती कोपऱ्यांचे विटांचे थर एकावर एक चढत जातात आणि त्यांच्या पायाशी तलावाचं पाणी. अनेक अभ्यासक ही प्रवरसेनाची नवी राजधानी प्रवरपूर मानतात. मिराशींनी ती वर्ध्याजवळच्या पवनारला धरली होती. मनसरला 1972मध्ये सापडलेली शिवाची देखणी मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बसलेली, हसरी, गुबगुबीत, हातात कमळाचा देठ धरलेली. विदर्भातल्या फार थोड्या लोकांनी ती पाहिली आहे. तिची एक चांगली प्रतिकृती या तलावाच्या काठी उभी केली तर रामटेकला येणारा प्रत्येक यात्रेकरू वाट वाकडी करून इथे येईल, आणि टेकडीवर हिडिंबेच्या नावाने नारळ फोडणाऱ्या गावकऱ्यांनाही आपण कोणाच्या पायरीवर उभे आहोत ते कळेल.